डे ट्रेडिंगमधील उद्दिष्टनिश्चिती व भावनानियमन

डे ट्रेडिंगमधील उद्दिष्टनिश्चिती व भावनानियमन म्हणजे एकाच दिवसात खरेदी व विक्री पूर्ण करणाऱ्या ट्रेडरने आपल्या व्यवहारांसाठी आगाऊ ठरवलेली ध्येये व मर्यादा, आणि त्या मर्यादा पाळता याव्यात म्हणून भीती, लोभ, पश्चात्ताप, अतिआत्मविश्वास आदी भावनांवर ठेवलेले नियंत्रण होय. हा विषय वित्तशास्त्र, मानसशास्त्र आणि वर्तनवादी अर्थशास्त्र यांच्या सीमेवर येतो. उद्दिष्ट आणि भावना हे दोन स्वतंत्र विषय मानण्याची प्रथा असली, तरी प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. चुकीच्या प्रकारे ठरवलेले उद्दिष्ट, विशेषतः रोज अमुक इतके रुपये मिळवण्याचे उद्दिष्ट, हेच अनेकदा भावनिक निर्णयांचे कारण ठरते.

== पार्श्वभूमी ==

डे ट्रेडिंगमध्ये शेअर, वायदे, ऑप्शन किंवा वस्तू यांतील सौदा ज्या दिवशी केला त्याच दिवशी पूर्ण केला जातो. भाव वाढेल असा अंदाज असल्यास आधी खरेदी व नंतर विक्री, तर भाव पडेल असा अंदाज असल्यास आधी विक्री व नंतर खरेदी केली जाते. भारतात या प्रकाराला व्यवहारात इंट्राडे म्हणतात. ट्रेडरने स्वतः सौदा पूर्ण केला नाही, तर बाजार बंद होण्यापूर्वी दलालाची संगणकप्रणाली तो आपोआप कापते.

मुंबईत भावाच्या अल्पकालीन चढउतारांवर सौदे करण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या मागणीमुळे शहरात पैशाचा मोठा ओघ आला आणि शेअरच्या सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच ही तेजी कोसळली व अनेक व्यापारी बुडाले. पुढे १८७५ मध्ये दलालांची संघटना स्थापन झाली. तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची पूर्वसूरी होय. राष्ट्रीय शेअर बाजारात १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावरील व्यवहार सुरू झाले. त्यानंतर इंटरनेट, स्मार्टफोन आणि अल्प दलाली यांमुळे पूर्वी दलालांपुरता मर्यादित असलेला हा व्यवहार घरबसल्या करता येऊ लागला.

डे ट्रेडिंगमध्ये दलालाकडून मार्जिनची सोय मिळते, म्हणजे स्वतःच्या रकमेपेक्षा मोठ्या रकमेचा सौदा करता येतो. पूर्वी काही दलाल ही सोय फार मोठ्या पटीत देत असत. डिसेंबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नियमांमुळे शेअरमधील इंट्राडे सौद्यासाठी किमान २० टक्के मार्जिन आवश्यक झाले. परिणामी ही पट जास्तीत जास्त पाचवर आली. पाचपट सौद्यात भाव २ टक्के विरुद्ध गेल्यास मूळ भांडवलाचा १० टक्के तोटा होतो. लहान चढउताराचे असे मोठ्या नफ्यातोट्यात रूपांतर होत असल्यामुळे या व्यवहारातील भावनिक ताण दीर्घकालीन गुंतवणुकीपेक्षा तीव्र असतो.

== नफ्यातोट्याचे वास्तव ==

उद्दिष्टाची चर्चा करण्यापूर्वी या व्यवहारात प्रत्यक्ष काय घडते हे पाहणे आवश्यक ठरते. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ अर्थात सेबीने जुलै २०२४ मध्ये शेअरच्या रोखीच्या बाजारातील इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ या आर्थिक वर्षात दर १० वैयक्तिक ट्रेडरपैकी सुमारे ७ जणांना तोटा झाला. वर्षभरात ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत तोटा होणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के होते. तोट्यातील ट्रेडरना सौद्यांतील तोट्याच्या ५७ टक्के इतकी जादा रक्कम दलाली, कर व शुल्क यांपोटी द्यावी लागली. तीस वर्षांखालील ट्रेडरचे प्रमाण २०१८-१९ मधील १८ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ४८ टक्क्यांवर गेले, आणि या वयोगटातील ७६ टक्के ट्रेडर तोट्यात होते.

वायदे व ऑप्शनच्या बाजारातील चित्र याहून गंभीर आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात राहिले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

अन्य देशांतील निष्कर्षही याच दिशेचे आहेत. ब्राझीलमध्ये निर्देशांकाच्या वायद्यांत ३०० हून अधिक दिवस टिकून राहिलेल्या डे ट्रेडरपैकी ९७ टक्के तोट्यात गेले, तर देशातील किमान वेतनापेक्षा अधिक कमाई केवळ १.१ टक्के लोकांना करता आली. तैवानमधील १९९२ ते २००६ या काळातील व्यवहारांच्या अभ्यासात सातत्याने नफा मिळवणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आढळले. अमेरिकेत ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील ६६,४६५ कुटुंबांच्या खात्यांचा अभ्यास केला. बाजाराचा वार्षिक परतावा १७.९ टक्के असताना सर्वाधिक सौदे करणाऱ्या कुटुंबांना ११.४ टक्केच मिळाले.

== उद्दिष्टनिश्चिती ==

=== रकमेचे दैनिक उद्दिष्ट ===

नवागत ट्रेडरचे सर्वांत प्रचलित उद्दिष्ट रोजच्या कमाईचे असते, उदाहरणार्थ ‘रोज १,००० रुपये’ किंवा ‘रोज एक टक्का’. पगार किंवा दुकानाची विक्री यांच्याशी साम्य असल्याने ही कल्पना स्वाभाविक वाटते. तथापि तिच्यात तीन दोष दाखवले जातात.

पहिला दोष गणिताचा आहे. वर्षात बाजाराचे सुमारे २५० दिवस धरले आणि भांडवलावर रोज एक टक्का चक्रवाढीने मिळाला, तर एक लाखाचे वर्षभरात सुमारे १२ लाख रुपये होतात. ५०,००० रुपयांच्या भांडवलावर रोज १,००० रुपये काढून घेणे म्हणजे वर्षाला ५०० टक्के परतावा होय. लहान वाटणारे दैनिक उद्दिष्ट अशा रीतीने अवास्तव वार्षिक उद्दिष्ट लपवून ठेवते.

दुसरा दोष असा की, बाजार रोज सारखी संधी देत नाही. काही दिवशी भावांना स्पष्ट दिशा असते, तर काही दिवशी भाव एका पट्ट्यात घुटमळतात. ठरावीक रक्कम मिळवायचीच असेल, तर संधी नसलेल्या दिवशीही सौदे केले जातात आणि खर्च वाढतो. याउलट चांगल्या दिवशी रक्कम पूर्ण होताच काम थांबवले जाते. कॉलिन कॅमेरर, लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टीन व रिचर्ड थेलर यांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांबाबत असेच निरीक्षण नोंदवले. दिवसाच्या कमाईचे लक्ष्य मनात धरणारे चालक गिऱ्हाईक भरपूर असलेल्या दिवशी लवकर घरी जात व मंदीच्या दिवशी जास्त वेळ गाडी चालवत. हेन्री फार्बर यांच्या नंतरच्या अभ्यासांनी या निष्कर्षाच्या व्याप्तीवर आक्षेप घेतले असले, तरी दैनिक लक्ष्याच्या चर्चेत हे उदाहरण नेहमी दिले जाते.

तिसरा दोष सर्वांत महाग पडतो. दैनिक लक्ष्यामुळे दिवस हा हिशेबाचा घटक बनतो आणि सकाळचा तोटा त्याच दिवशी भरून काढण्याची निकड निर्माण होते. जोशुआ कोव्हल व टायलर शमवे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडमधील व्यावसायिक ट्रेडर तपासले. सकाळी तोटा झालेले ट्रेडर दुपारी सरासरीहून अधिक जोखीम घेण्याची शक्यता लक्षणीयरीत्या जास्त होती. व्यावसायिकही या ओढीपासून मुक्त नसतात, असे यावरून दिसते.

=== प्रक्रियेची व शिकण्याची उद्दिष्टे ===

एडविन लॉक व गॅरी लेथम यांच्या उद्दिष्टनिश्चितीच्या सिद्धांतानुसार स्पष्ट व आव्हानात्मक उद्दिष्टे ‘शक्य तितके चांगले करा’ अशा मोघम सूचनेपेक्षा अधिक परिणामकारक असतात. मात्र काम गुंतागुंतीचे व नवीन असेल, तर परिणामाच्या उद्दिष्टापेक्षा शिकण्याचे उद्दिष्ट उपयुक्त ठरते, असेही याच परंपरेतील संशोधनाने दाखवले. २००९ मध्ये लिसा ऑर्डोनेझ, मॉरिस श्वाइत्झर, ॲडम गॅलिन्स्की व मॅक्स बेझरमन यांनी परिणामाच्या उद्दिष्टांचा अतिरेक झाल्यास दृष्टी संकुचित होते व अनाठायी जोखीम घेतली जाते, असे प्रतिपादन केले.

या विचाराच्या आधारे डे ट्रेडिंगमध्ये प्रक्रियेच्या उद्दिष्टांना प्राधान्य दिले जाते. एखाद्या सौद्यातील नफा ट्रेडरच्या हाती नसतो, परंतु सौद्यात केव्हा शिरायचे, किती रक्कम गुंतवायची व केव्हा बाहेर पडायचे हे त्याच्या हाती असते. अशा उद्दिष्टांची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे:

* प्रत्येक सौद्यापूर्वी प्रवेशाचे कारण, स्टॉप लॉस आणि बाहेर पडण्याचा भाव लिहून ठेवणे.
* एकदा लावलेला स्टॉप लॉस तोटा वाढेल अशा दिशेने न सरकवणे.
* दिवसातील सौद्यांची कमाल संख्या पाळणे.
* आठवड्याच्या शेवटी सर्व सौद्यांची नोंद तपासणे.
* ठरावीक संख्येचे सौदे, उदाहरणार्थ १००, पूर्ण होईपर्यंत पद्धत न बदलणे व त्यानंतरच तिचे मूल्यमापन करणे.

मूल्यमापन अनेक सौद्यांवर आधारण्यामागे सांख्यिकीय कारण आहे. दहापैकी चार सौदे यशस्वी होणारी पद्धत खर्च वजा जाता नफ्याची असू शकते, परंतु अशा पद्धतीत १०० सौद्यांच्या ओघात सलग सहा तोटे येणे अपवादात्मक नसून अपेक्षितच असते. हे आधी ठाऊक नसलेला ट्रेडर सहाव्या तोट्यानंतर पद्धत सोडतो किंवा सौद्याचा आकार वाढवतो.

=== तोट्याची मर्यादा ===

नफ्याचे लक्ष्य ठरवण्याऐवजी तोट्याची कमाल मर्यादा ठरवणे हा उद्दिष्टनिश्चितीचा गाभा मानला जातो. एका सौद्यात भांडवलाच्या एक ते दोन टक्क्यांहून अधिक रक्कम पणाला न लावणे हा प्रचलित संकेत आहे. याशिवाय दिवसाच्या व महिन्याच्या तोट्याची मर्यादाही ठरवली जाते. ती गाठताच त्या कालावधीपुरते व्यवहार थांबवले जातात. तोटा वाढत जातो तसतसे तो भरून काढणे अधिकाधिक कठीण होते, हे यामागचे कारण होय. भांडवल १० टक्क्यांनी घटल्यास मूळ पातळीवर येण्यासाठी सुमारे ११ टक्के, २० टक्क्यांनी घटल्यास २५ टक्के आणि ५० टक्क्यांनी घटल्यास १०० टक्के नफा आवश्यक असतो.

भांडवल कोणते हा प्रश्नही याच मर्यादेत येतो. घरखर्च, कर्जाचे हप्ते, शिक्षणशुल्क किंवा आजारपणासाठी राखलेला पैसा व्यवहारात आणल्यास प्रत्येक चढउताराला कुटुंबाच्या गरजेचे वजन प्राप्त होते. अशा स्थितीत नियमांचे पालन जवळपास अशक्य होते. कर्ज काढून ट्रेडिंग करण्याबाबतही हेच लागू पडते.

=== उदाहरण ===

समजा, भांडवल २,००,००० रुपये असून एका सौद्यातील जोखीम एक टक्का, म्हणजे २,००० रुपये ठरवली आहे. शेअर ५०० रुपयांना घेऊन ४९२ रुपयांवर स्टॉप लॉस ठेवल्यास प्रतिशेअर जोखीम ८ रुपये होते व २५० शेअर घेता येतात. बाहेर पडण्याचा भाव ५१६ रुपये असल्यास संभाव्य नफा ४,००० रुपये असतो. असे दहा सौदे केले, त्यांपैकी चार यशस्वी झाले व प्रत्येक सौद्याचा खर्च १०० रुपये धरला, तर पुढील चित्र दिसते:

* सर्व नियम पाळल्यास: नफा १६,०००, तोटा १२,०००, खर्च १,०००. निव्वळ नफा ३,००० रुपये.
* एकाच सौद्यात स्टॉप लॉस काढून टाकला व ४७६ रुपयांवर बाहेर पडावे लागले: त्या सौद्यात ६,००० रुपयांचा तोटा. एकूण निव्वळ तोटा १,००० रुपये.
* स्टॉप लॉस पाळले, परंतु नफा हातचा जाईल या भीतीने चारही यशस्वी सौदे ५०८ रुपयांवर कापले: निव्वळ तोटा ५,००० रुपये.
* वरील दोन्ही चुका केल्या: निव्वळ तोटा ९,००० रुपये.

चारही स्थितींत शेअरची निवड, बाजाराची दिशा आणि यशस्वी सौद्यांची संख्या एकच आहे. फरक केवळ ठरवलेले पाळण्यात आहे.

== भावनांची भूमिका ==

=== तोट्याविषयीची संवेदनशीलता ===

डॅनियल कानेमान व एमस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या संभाव्यता-मूल्यनाच्या सिद्धांतानुसार माणूस नफातोटा एखाद्या संदर्भबिंदूपासून मोजतो, आणि तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख त्याला अधिक तीव्रतेने जाणवते. नफ्याच्या स्थितीत तो जोखीम टाळतो, तर तोट्याच्या स्थितीत ती पत्करतो. डे ट्रेडिंगमध्ये खरेदीचा भाव हाच संदर्भबिंदू बनतो. कानेमान यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सिद्धांताच्या आधारे हर्श शेफ्रिन व मेयर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये एक प्रवृत्ती वर्णिली. नफ्यातील शेअर लवकर विकणे आणि तोट्यातील शेअर धरून ठेवणे अशी ती आहे. ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील १०,००० खात्यांच्या नोंदींत तिचा पुरावा दिला. तोटा प्रत्यक्षात स्वीकारणे म्हणजे स्वतःची चूक मान्य करणे, ही भावना या प्रवृत्तीच्या मुळाशी असल्याचे मानले जाते. पडत्या भावात आणखी खरेदी करून ‘ॲव्हरेज’ करणे आणि इंट्राडेसाठी घेतलेला शेअर तोट्यात गेल्यावर डिलिव्हरीत घेऊन ‘गुंतवणूक’ म्हणवणे ही तिचीच रूपे होत.

=== तोटा वसूल करण्याची ओढ ===

तोट्यानंतर लगेच मोठ्या आकाराचा सौदा करून पैसे परत मिळवण्याचा प्रयत्न हा भांडवल वेगाने घटवणारा प्रकार आहे. या वेळी निर्णय बाजारातील स्थितीवरून न होता गेलेल्या रकमेवरून होतो. बाजाराने आपल्यावर अन्याय केला, अशी भावना त्यात अनेकदा मिसळलेली असते. बाजाराला मात्र कोणत्याही ट्रेडरच्या खरेदीच्या भावाची माहिती नसते.

=== अतिआत्मविश्वास व संधी हुकण्याची भीती ===

सलग नफ्यानंतर यशाचे श्रेय नशिबाला किंवा सर्वसाधारण तेजीला न देता स्वतःच्या कौशल्याला दिले जाते आणि सौद्याचा आकार वाढतो. मोठ्या आकाराच्या सौद्यात येणारा एकच तोटा आधीच्या अनेक नफ्यांना पुरून उरतो. याला जोडून येते ती संधी हुकण्याची भीती. भाव वेगाने वर जाताना दिसला, किंवा समाजमाध्यमांवर इतरांच्या नफ्याची छायाचित्रे दिसली, की नियोजन नसतानाही उशिरा सौदा केला जातो. अशा छायाचित्रांत तोट्याचे दिवस बहुधा नसतात.

=== शारीरिक प्रतिक्रिया ===

अँड्र्यू लो व दिमित्री रेपिन यांनी २००२ मध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या दहा व्यावसायिक ट्रेडरच्या त्वचेची विद्युतवाहकता, हृदयाची गती आदींचे मापन केले. बाजारातील घडामोडींच्या क्षणी अनुभवी ट्रेडरच्या शरीरातही मोजता येण्याजोगे बदल आढळले. त्यामुळे भावनाशून्य ट्रेडर ही कल्पना वास्तवाला धरून नाही, असे दिसून येते. २००५ मध्ये लो, रेपिन व ब्रेट स्टीनबार्गर यांनी पाच आठवड्यांच्या प्रशिक्षणवर्गातील ८० स्वयंसेवकांचा अभ्यास केला. नफा व तोटा या दोन्हींवर ज्यांची भावनिक प्रतिक्रिया अधिक तीव्र होती, त्यांची कामगिरी निकृष्ट होती. यशस्वी ट्रेडरचा असा एकच ठरावीक स्वभावप्रकार मात्र या अभ्यासात आढळला नाही.

== नियमनाच्या पद्धती ==

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये भावनानियमनाचे पाच टप्पे सांगितले: परिस्थितीची निवड, परिस्थितीत बदल, लक्ष वळवणे, अर्थ बदलून पाहणे आणि उमटलेली प्रतिक्रिया आवरणे. भावना पूर्ण उसळण्यापूर्वी केलेला उपाय नंतर तिला दाबण्यापेक्षा बहुधा सोपा व परिणामकारक असतो, हे या मांडणीचे सूत्र आहे. डे ट्रेडिंगमध्ये त्याचा अर्थ असा की, महत्त्वाचे निर्णय बाजार उघडण्यापूर्वी घेतलेले असावेत.

* परिस्थितीची निवड: सत्राच्या सुरुवातीचा अतिचंचल काळ, मोठ्या आर्थिक घोषणांची वेळ, अपुरी झोप, आजारपण किंवा घरातील कलह असलेले दिवस टाळणे.
* परिस्थितीत बदल: सौदा करतानाच स्टॉप लॉसची ऑर्डर टाकणे, सौद्याचा आकार कमी ठेवणे, मार्जिनची पूर्ण सोय न वापरणे, तसेच काही दलाल देत असलेली दिवसापुरते व्यवहार बंद करण्याची सुविधा वापरणे.
* लक्ष वळवणे: प्रत्येक क्षणी बदलणारा रुपयांतील नफातोटा पडद्यावरून झाकणे, तोट्यानंतर जागेवरून उठून ठरावीक वेळ थांबणे.
* अर्थ बदलून पाहणे: एका सौद्याकडे निकाल म्हणून न पाहता शंभर सौद्यांतील एक म्हणून पाहणे.
* प्रतिक्रिया आवरणे: संथ श्वसन, शरीर सैल सोडणे. हा शेवटचा उपाय असून तो आधीच्या उपायांची जागा घेऊ शकत नाही.

यांपैकी चौथ्या उपायाला प्रायोगिक आधार आहे. पीटर सोकोल-हेसनर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सहभागी व्यक्तींना प्रत्येक निर्णयाकडे अनेक निर्णयांच्या संचाचा भाग म्हणून, एखाद्या ट्रेडरप्रमाणे, पाहण्यास सांगितले. असे केल्यावर तोट्याविषयीची अतिसंवेदनशीलता आणि तोट्यावरील शारीरिक प्रतिक्रिया दोन्ही घटल्या.

पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेल्या ‘जर-तर’ स्वरूपाच्या संकल्पांचाही येथे उपयोग केला जातो. ‘मी शिस्त पाळीन’ या संकल्पात काय करायचे हे स्पष्ट होत नाही. ‘दिवसात सलग तीन तोटे झाले, तर मी संगणक बंद करीन’ या संकल्पात प्रसंग आणि कृती दोन्ही ठरलेले असतात. त्यामुळे ऐन वेळी विचार करण्याची गरज कमी होते.

=== सौद्यांची नोंदवही ===

नोंदवहीत तारीख, वेळ, प्रवेश व बाहेर पडण्याचा भाव, आकार आणि खर्च यांबरोबरच सौद्याचे कारण, त्या वेळची मनःस्थिती आणि नियम पाळला की मोडला याचीही नोंद केली जाते. नोंदीचे वर्गीकरण चार प्रकारांत करता येते: नियम पाळून नफा, नियम पाळून तोटा, नियम मोडून नफा आणि नियम मोडून तोटा. यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत घातक मानला जातो, कारण त्यात चुकीच्या वर्तनाला बक्षीस मिळते व ते पुन्हा घडण्याची शक्यता वाढते.

नोंदवहीचा उपयोग करासाठीही होतो. भारतात शेअरमधील इंट्राडे व्यवहारांचे उत्पन्न सट्टा व्यवसायाचे उत्पन्न मानले जाते. त्यातील तोटा केवळ अशाच उत्पन्नातून वजा करता येतो व चार वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो.

== नियामक उपाय ==

व्यक्तीच्या आत्मसंयमाबरोबरच बाजाराच्या रचनेतही काही अडसर ठेवलेले असतात. निर्देशांकात १०, १५ किंवा २० टक्क्यांची हालचाल झाल्यास संपूर्ण बाजारातील व्यवहार काही काळ किंवा दिवसभर थांबवण्याची पद्धत भारतात २००१ पासून लागू आहे. वायदे व ऑप्शनमध्ये दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडरना तोटा होतो, ही सूचना ग्राहकांना दाखवणे जुलै २०२३ पासून दलालांवर बंधनकारक करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने निर्देशांकाच्या नव्या करारांचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले आणि प्रत्येक शेअर बाजारातील साप्ताहिक कराराची सोय एकाच प्रमुख निर्देशांकापुरती मर्यादित केली. नोंदणी नसताना शेअरविषयक सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या व्यक्तींशी नोंदणीकृत संस्थांनी संबंध ठेवण्यासही २०२४ मध्ये मनाई करण्यात आली.

== मर्यादा व टीका ==

भावनानियमनावरील लोकप्रिय साहित्यात शिस्त व मनोबल यांनाच यशाचे मूळ मानण्याकडे कल असतो. या भूमिकेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ज्या पद्धतीला खर्च वजा जाता सांख्यिकीय अनुकूलता नाही, ती कितीही शांतपणे राबवली तरी दीर्घकाळात तोटाच होतो. शिस्त अशा तोट्याचा वेग कमी करते, त्याचे नफ्यात रूपांतर करत नाही. दुसरा आक्षेप उदाहरणांच्या निवडीविषयी आहे. पुस्तके व प्रशिक्षणवर्ग तगून राहिलेल्या ट्रेडरचे दाखले देतात. तेच नियम पाळूनही बाहेर पडलेल्यांची नोंद सहसा कुठेच होत नाही. अपयशाचे खापर विद्यार्थ्याच्या मनोवृत्तीवर फोडल्यास शिकवलेली पद्धत तपासण्याची वेळच येत नाही.

या कारणांमुळे काही अभ्यासक ट्रेडिंग थांबवण्याचा निकष आधीच लिहून ठेवणे, म्हणजे किती रक्कम किंवा किती सौद्यांनंतर हा व्यवहार सोडायचा हे ठरवणे, हाही उद्दिष्टनिश्चितीचाच भाग मानतात. अशा निकषानुसार बाहेर पडणे हे अपयश नसून नियोजनाचे पालन ठरते.

== व्यसनाधीनता व मदत ==

वारंवार होणारे सौदे, अनिश्चित बक्षीस आणि तत्काळ निकाल या बाबतीत डे ट्रेडिंगचे जुगाराशी साम्य आहे. जुगाराचा विकार अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत व्यसनांच्या गटात समाविष्ट करण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही त्याचा समावेश आहे. ट्रेडिंगला मात्र स्वतंत्र निदानाचा दर्जा नाही. तोटा कुटुंबापासून लपवणे, सौद्यांसाठी उसनवारी करणे, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, झोप उडणे आणि बाजार बंद असताना अस्वस्थता वाटणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात. अशा वेळी ट्रेडिंगची पद्धत सुधारण्यापेक्षा व्यवहार थांबवून कुटुंबीयांना विश्वासात घेणे व मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेणे आवश्यक असते. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य समुपदेशन मिळते.

== हे सुद्धा पहा ==

* मुंबई शेअर बाजार
* भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ
* वर्तनवादी अर्थशास्त्र
* जोखीम व्यवस्थापन
* डॅनियल कानेमान